द्राक्षतीर्थाचा पाचवा ग्लास

पलसाण्याला हायवेमागे मांडव आणि मांडवात चारशे माणसं पंजे उपडे धरून उभी. सगळी डाइंग मिलची. कामावर नखं रंगानं माखतात, म्हणून जो तो रंग उडवणाऱ्या हायड्रो पावडरीनं हात घासून आलेला. कशासाठी? नखांवरच्या पांढऱ्या आडव्या रेघा महाराजांना दिसाव्यात म्हणून!

"रेघ चढली की करणीचं विष वर चढलं!" द्राक्षनाथ महाराज माइकवर गरजला. "टोकाला गेली, कापली, की करणी गेली! बोला, कुणाची किती चढली?"

दारूबंदीच्या राज्यात हा इसम दर अमावस्येला ग्लासभर लाल वाइन तीर्थ म्हणून पाजायचा. लोक भडाभडा ओकायचे. 'विष पडलं' म्हणून वर जयजयकार!

माझ्या शेजारच्या सुकदेवच्या नखांवर चार रेघा होत्या. पहिल्या ग्लासाआधी त्याची नुसती पाठ दुखायची. आता पाय लुळे पडलेले, हातात ग्लास धरवत नव्हता. बायको पुष्पाबाई पाचवा ग्लास त्याच्या तोंडाशी नेत होती.

"मावशी, थांब!" राखी गर्दीत घुसली. पोरगी आमच्याच चाळीतली, जवळच्या सचिन गावात प्रयोगशाळेत काम करते.

"ए बेन, लाइनमां ऊभी रहे!" चेला खेकसला.

"मागच्या अमावस्येला मावशीनं बाटलीतून घरी आणलेलं तीर्थ मी मशीनवर तपासलं. त्यात सोमल आहे, आर्सेनिक. पिण्याच्या पाण्यात चालतो त्याच्या पाच हजारपट!"

महाराज हसला. "अगं, सोमल द्राक्षातही असतो. तुम्ही खाता त्या सुक्या बोंबलातही असतो. बोंबील खाऊन कोण मेलं?"

लोक खदाखदा हसले.

"म्हणूनच मी नुसता सोमल मोजून थांबले नाही, त्याची रूपं वेगळी करून पाहिली. मासळीतला बहुतेक सोमल निरुपद्रवी, लघवीवाटे निघून जातो. या बाटलीतला मारणारा. द्राक्षातून एवढा येत नाही. कुणीतरी पूड घातलीय."

"मग रेघा कशा चढतात?" मागून कुणी ओरडलं.

राखीनं अंगठा पुढं केला. "महिन्यापूर्वी नखाच्या मुळाशी मी कानशीनं खाच पाडली. बघा, पुढं सरकली. मी तर थेंब चाखला नाही, माझी कुठली करणी चढली? अरे, नख वाढतं! एका ग्लासाच्या विषानं एक पांढरी रेघ उमटते आणि नखाबरोबर पुढं जाते. सुकदेवकाकाच्या चार अमावस्या, चार रेघा. तुमच्या मोजा!"

चारशे माणसं आपापल्या अमावस्या मोजू लागली. महाराज माइक टाकून पडद्यामागं पळाला.

पुष्पाबाईनं ग्लास भिरकावला आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. "मीच दिधं वं माय, मीच!"

सुकदेव सांडलेल्या वाइनकडे बघत रडत होता. "एक डाव दे वं... पाय तं हालतीन."

त्याला उचलून आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं. जीव वाचेल, पायांचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात.

बाबांनो, तुमच्याही घरात असली बाटली असेल. लाजेनं मोरीत ओतू नका. बूच घट्ट लावा आणि आजारी माणसाबरोबर तीही डॉक्टरच्या टेबलावर ठेवा. ती तपासली तर उपचार लवकर सुरू होतील आणि चोरही सापडेल. आजच जा.