दुपारचं पाणी

मंगळवारी सकाळी पावणेआठ वाजता लखनौच्या सरोजिनी नगरमधल्या कारखाना वसाहतीतून रुचिरा वासनिक हिला रुग्णालयात नेण्यात आलं. वय एकोणीस. रात्रभर उलट्या आणि जुलाब, पहाटेपासून लघवी नाही.

तिचे वडील ईश्वर वासनिक शहराबाहेरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात अभियंता आहेत. आई प्रतिमा कारखान्याच्या लेखा विभागात. वसाहतीतलं क्वार्टर तिच्या नावावर. दोघंही मूळची भंडारा जिल्ह्यातली, मुलगी लखनौत वाढलेली. तिला मराठी कळतं, उत्तर हिंदीत येतं. कुठं दुखतं, असं आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हर जगह, मम्मी."

बाहेरचं काही खाल्लं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. ईश्वरने लगेच सांगितलं की रविवारी ती मैत्रिणींबरोबर चिकनकारीचा कुर्ता घ्यायला चौक बाजारात गेली होती आणि तिथे चाट खाल्ली होती. डॉक्टरांनी ते कागदावर घेतलं. ईश्वरला थोडं हलकं वाटलं. कारण सापडलं होतं आणि ते घराबाहेरचं होतं.

अकराच्या सुमाराला त्याच वॉर्डात दुसरी खाट लागली. त्यांच्याच ग इमारतीच्या तळमजल्यावरच्या मिश्राजींची आई. म्हातारी कित्येक वर्षांत वसाहतीच्या फाटकाबाहेर पडलेली नव्हती. तिच्या मागोमाग त्याच ग इमारतीतले आणखी दोघं आले.

"मिश्राजींची आई काही चौकात चाट खायला गेली नव्हती," प्रतिमा म्हणाली.

ती पुढे बोलत राहिली. गेले काही आठवडे ती पाणी उकळत नव्हती. क्लोरीनचा वास येतो म्हणजे पाणी बरं, असं त्यानेच सांगितलं होतं. "आणि आता तर दुपारीही येतं," ती म्हणाली.

"दुपारी?"

"दसऱ्यापासून. खालच्या नळाला. सगळ्या बाया कौतुकाने तुमच्या त्या पाणी संघाचं नाव घेतात."

ईश्वर खुर्चीवरून उठला.

वसाहतीत पिण्याचं पाणी सकाळी येतं आणि मग चार वाजता. मधल्या वेळात तळमजल्याचे नळ कोरडे असायला हवेत. चोवीस तास दाबाखाली असते ती दुसरी वाहिनी, जांभळ्या पाइपची. तिच्यातून ईश्वरच्या केंद्रातलं शुद्ध केलेलं सांडपाणी येतं. ते कारखान्याच्या कूलिंग टॉवरसाठी, बागेसाठी आणि दसऱ्यापासून क्वार्टरच्या संडासांसाठी. पिण्यासाठी नाही.

हे पाणी इथवर आणायला चार यंत्रणा एकत्र आल्या होत्या. शुद्धीकरण केंद्र, कारखाना, शेजारची औद्योगिक वसाहत आणि मलिहाबादच्या आंबा बागायतदारांची संस्था. त्यांच्या संघाचं नाव सई पट्टा पुनर्जल संघ. आधीची दोन वर्षं पाइपातली झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, चोरून बंद केल्याचे आरोप एकमेकांवर करण्यात गेली. त्यावर तोडगा निघाला तो कुलपांचा. जिथे एका यंत्रणेचं पाणी दुसरीच्या हद्दीत जातं, तिथल्या झडपेच्या चेंबरवर दोन कुलपं, एकेकाची एकेक किल्ली. दोघं आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. प्रत्येक सादरीकरणात त्या दोन कुलपांचा फोटो असे.

वसाहतीच्या चेंबरची एक किल्ली ईश्वरकडे आणि दुसरी हृषीकेश लेले याच्याकडे. लेले पुण्याचा, कारखान्याच्या पाणी विभागाचा प्रमुख. दोघांची ओळख बैठकांमध्येच झाली होती. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून ती वाढली आणि अडलेली पुष्कळ कामं त्या ओळखीवर सुटली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी संडासांची जोडणी पूर्ण झाली. नियम असा की पिण्याचं पाणी अर्धा दिवस पूर्ण बंद ठेवायचं, जांभळी वाहिनी चालू ठेवायची आणि घरोघरचे पिण्याचे नळ उघडून बघायचे. एकाही नळाला थेंब आला तर कुठेतरी पाइपाला पाइप चुकून जोडला गेलाय. ईश्वरची संध्याकाळची नागपूरची गाडी होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणं त्याच्या घरात कधी चुकलेलं नाही. लेलेला ते माहीत होतं. अर्ध्या दिवसाच्या चाचणीऐवजी त्याने एका नळाचं पाणी बाटलीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे त्यात क्लोरीन होतं. पाणी खात्यात उमेदवारीपासून हेच शिकवलेलं असतं. पिवळं आलं की पाणी पास.

"वासनिक, गाडी चुकेल तुझी," लेले म्हणाला होता. "पिवळं आलं ना? झालं तर मग."

दोघांनी सही केली. आपल्या केंद्रातून निघणाऱ्या पाण्यातही शेवटी क्लोरीनच घातलं जातं, हे ईश्वरला अर्थातच माहीत होतं. तो स्वतःच ते रोज घालून घेत होता. त्या संध्याकाळी ते त्याच्या मनात आलं नाही.

रुग्णालयाच्या पायऱ्यांवरून त्याने लेलेला फोन लावला. लेले संघाच्या बैठकीत होता. पाणी मलिहाबादच्या आंब्यांपर्यंत नेण्याचा करार त्या दिवशी व्हायचा होता. लेलेने आधी नमुने घेऊ म्हटलं. ईश्वरने अहवालाला दोन दिवस लागतील असं सांगितलं आणि चार वाजता लोक हंडे भरतील याची आठवण करून दिली. लेले म्हणाला, येतो.

प्रतिमा मुलीजवळ बहिणीला बसवून वसाहतीत परतली आणि तिन्ही इमारतींत दारोदार सांगत फिरली की नळाचं पाणी पिऊ नका. काहींनी ऐकलं. ग इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दारातच म्हणाल्या, "वासनिकजी तो कहते थे, आरओ बेच डालो. हमने बेच डाला. अब क्या पिएँ, प्रतिमाजी, उनका भाषण?"

तीनच्या आधी लेले चेंबरपाशी आला. किल्लीबरोबर त्याने तपासणीची पेटी आणली होती. ग इमारतीचा खालचा नळ त्या वेळी वाहत होता. त्याने बाटली भरली, थेंब टाकले आणि ईश्वरसमोर धरली. पिवळं.

"माझ्या प्लांटचं घे," ईश्वर म्हणाला. "तेही पिवळंच येईल. क्लोरीन मीच घालतो त्यात."

लेलेने बाटली ओतून टाकली.

"ही झडप बंद केली की टॉवरचंही पाणी तुटतं. कारखाना थांबेल. मला कारण कळवावं लागेल."

"कळव. चाचणी झाली नव्हती म्हणून."

"चाचणीच्या कागदाखाली तुझी सही आहे, वासनिक."

"तुझीही आहे."

"तुझी गाडी होती म्हणून मी सोडलं. तेही सांगू?"

"तेही सांग. नोकरी गेली तर जाऊ दे. रुचिराला पहाटेपासून लघवी नाही, लेले."

लेलेने फोन काढला आणि महाव्यवस्थापकांना जसं घडलं तसं सांगितलं. स्वतःचं नाव आधी घेतलं. पलीकडून काय उत्तर आलं ते ईश्वरला ऐकू आलं नाही. फोन खिशात ठेवून लेलेने कुलूप काढलं. ईश्वरने आपलं काढलं. दोघांनी मिळून झाकण सरकवलं आणि झडपेचं चाक आलटून पालटून फिरवत ती पूर्ण बंद केली. पिण्याच्या पाण्याचा चारचा पुरवठाही लेलेने थांबवला. आता दोन्हीकडून वसाहतीत पाणी येणार नव्हतं. नळ कोरडे पडले तर दुपारचं पाणी जांभळ्या वाहिनीतूनच येत होतं हे कळणार होतं, आणि ते तिथेच थांबणारही होतं.

क इमारतीचे नळ थोड्या वेळाने थांबले. ख इमारतीत आधी धार बारीक झाली, मग हवा सुटल्याचा आवाज आला आणि नळ कोरडे पडले. जिन्यात उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दुपारी येत होतं ते पाणी कुठलं होतं, हे आता कुणी सांगायची गरज नव्हती.

ग इमारतीचा नळ थांबला नाही.

पाइपात उरलेलं पाणी असेल म्हणून दोघांनी वाट पाहिली. धार तशीच होती. लेलेने पुन्हा बाटली भरली; पुन्हा पिवळं. वसाहतीच्या मागच्या भिंतीपलीकडे औद्योगिक वसाहतीची जांभळी वाहिनी जाते. तिथून या बाजूला एखादी जोडणी असल्याचं दोघांनाही माहीत नव्हतं. भिंतीलगतची झुडपं बाजूला केल्यावर एक चेंबर दिसलं. त्यावर दोन कुलपं होती, संघाच्या शिक्क्याची. त्यातलं एकही यांच्या किल्ल्यांनी उघडलं नाही.

त्यातली एक किल्ली औद्योगिक वसाहतीचा अभियंता उल्हास त्रिवेदी याच्याकडे असणार. करार झाल्यावर तो बागायतदारांबरोबर मलिहाबादला जागा बघायला गेल्याचं त्याच्या कार्यालयाने सांगितलं. त्याचा फोन वाजत होता, पण तो उचलत नव्हता. कारखान्यातून गॅस कटर मागवला, तर भिंतीपलीकडची मालमत्ता कापायला त्या यंत्रणेची परवानगी लागेल असा निरोप आला. लेलेने गेटवरच्या सुरक्षारक्षकांकडून पहार आणवली. झाकण ओतीव लोखंडाचं होतं. पहार वाकली.

साडेपाचला रुग्णालयातून प्रतिमाच्या बहिणीचा फोन आला. रुचिराला डायलिसिसला नेलं होतं. तोवर वसाहतीतले अकरा रुग्ण दाखल झाले होते, सगळे ग इमारतीतले. मिश्राजींची आई दुपारीच गेली.

ईश्वर चेंबरपाशी थांबला. लेले दुसरी पहार आणायला गेला. नळाखाली कुणी बादली लावू नये म्हणून प्रतिमा जिन्याखाली उभी राहिली.

सहा वाजता त्रिवेदीचा फोन बंद लागू लागला. ग इमारतीचा नळ तेव्हाही चालू होता.