मापापुरता टिल्लू

म्युझियमवाल्यांनी यांचं नाव भिंतीवर माझ्या उंचीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. घरात स्वतःचा टॉवेल सापडत नाही, आणि इथे म्हणे द्रष्टे दिग्दर्शक! मी काही यांचं नाव वाचायला आले नव्हते. मला टिल्लूला बघायचं होतं.

टिल्लू आमचा मुलगा. सातव्या वर्षी तापाने गेला. दिवसभर कॅमेऱ्याला डोळा लावून बसणारे हे घरी कधी कॅमेरा आणायचे नाहीत. "मी काढतो ना त्याला," म्हणायचे. काढायचेही. प्रत्येक सीनचं चित्र आधी रंगवायचे आणि कोपऱ्यात पेन्सिलीने टिल्लूला उभा करायचे, म्हणजे सेट उभारणाऱ्यांना दार केवढं, जिना केवढा ते कळावं. बोटाएवढा, पण हुबेहूब! शाळेचा एक फोटो आहे, त्यात सगळी पोरं समोर बघताहेत आणि आमचं ध्यान नेमकं पाठ फिरवून उभं. म्हणजे माझ्याकडे काय ती चित्रंच होती. साफ करून फ्रेम करतो म्हणून म्युझियमने नेली, तेव्हाच जिवावर आलं होतं.

पहिलं चित्र कोर्टाच्या सेटचं. कोपरा रिकामा. दुसरं दवाखान्याच्या जिन्याचं. तिथेही नाही. मी भिंतीभिंतीने धावत सुटले.

"काकू, किती स्वच्छ झालीत ना?" प्रदर्शन मांडणाऱ्या बाई हसत म्हणाल्या. "पेन्सिलीचं सगळं काढून टाकलं. सरांना विचारूनच हं."

हारतुऱ्यांच्या गर्दीतून मी यांना बाही धरून ओढलं. "अहो, टिल्लूला पुसायला सांगितलंत तुम्ही?"

यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मापाच्या आकृत्या पुसू का, असं विचारलं त्यांनी. मी हो म्हणालो. माप म्हटल्यावर... तो डोक्यातच आला नाही गं."

"जळो तुमचं डोकं!" लोक वळून बघायला लागले. बघू देत. मी निमंत्रणाचं कार्ड उलटं करून यांच्या हातात कोंबलं. "काढा त्याला. आत्ताच्या आत्ता काढा."

हे बाकावर बसले. खिशातली पेन्सिल काढली. रेघ आली. खांदे आले, चड्डी आली, एक पायमोजा घसरलेला. डोक्यापाशी मात्र हात थांबला.

"भांग कुठल्या बाजूला असायचा गं त्याचा?"

रोज सकाळी हनुवटी धरून मीच पाडायची तो. मी तोंड उघडलं. उजवीकडे म्हणावं, तर डावीकडेही तितकंच खरं वाटत होतं. हे लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"मला नाही आठवत हो," मी म्हणाले.