बॅटरी उतरली त्या दुपारी

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. माझ्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला आहे. तो कसा गेला, ते ऐका.

कारखान्यात घडलो, दुकानात मांडला गेलो आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हाती आलो. कपड्यांची मापं, गिऱ्हाइकांचे फोन, मशीन चालवताना ऐकायची गाणी, सगळा भार माझ्यावर. "हा आहे म्हणून माझं निभतं," असं ती कौतुकाने म्हणायची. तिचा नवरा मात्र माझ्याकडे वाकड्या नजरेनेच बघायचा. स्वभाव संशयी आणि हात उगारायला वेळ लागत नसे.

एकदा माझं सॉफ्टवेअर अपडेट झालं. मित्रांनो, अपडेटनंतर आमच्या पोटात घर बदलल्यासारखी धांदल उडते. फोटो, फाइली, सगळं नव्याने लावावं लागतं. त्यात बॅटरी भराभर उतरते. दोन-चार दिवस थांबावं, मगच बरंवाईट ठरवावं.

पण नवऱ्याला कुठला धीर? दुपारी जेवायला आला आणि त्याने मला उचललं.

"सकाळी फुल होता, आता वीस टक्के! कोणाशी बोलत होतीस एवढं?"

"अहो, काल अपडेट झालं ना, म्हणून..."

"मला शिकवतेस?"

थपडेसरशी तिचं डोकं मशीनच्या चाकावर आपटलं. मग माझ्याच चार्जरची वायर हाताला गुंडाळून त्याने तिच्या पाठीवर सपासप ओढली. मला भिंतीवर भिरकावलं. फरशीवर पडल्या पडल्या मी बघत होतो. त्याची बोटं तिच्या गळ्यात रुतली होती आणि तिचे पाय तडफडत होते.

तेवढ्यात आतून सासूबाई धावत आल्या. टेबलावरची तापलेली इस्त्री उचलून त्यांनी सरळ मुलाच्या दंडावर टेकवली.

"सोड तिला! तुझ्या बापाचा मार मी निमूट खाल्ला, तेच चुकलं माझं!"

तो गुरासारखा ओरडला आणि दंड धरून न्हाणीघरात पळाला. सासूबाईंनी बाहेरून कडी घातली. आतून दारावर लाथा बसू लागल्या. सुनेने मला उचललं, तेव्हा माझ्या काचेचे कण तिच्या बोटांत शिरले. तिने थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, पोलिसांना घेऊन ये. लवकर!"

एवढं पोचवलं आणि मी विझलो.

पोलिसांनी त्याला धरून नेलं. सासू-सून आता ताईकडे राहतात. सून शिवते, सासूबाई बटणं लावतात. माझी बॅटरी कधीच ताळ्यावर आली. पण मी अचानक वाजलो की सून अजून दचकते, म्हणून तिने माझा आवाज बंद ठेवला आहे.

मित्रांनो, आम्हाला जपा, आपटू नका. पण काच बदलून मिळते, माणूस मिळत नाही. घरात कोणावर हात उगारला जात असेल, तर गप्प बसू नका. शेजारचं दार वाजवा, भरवशाच्या माणसाला फोन लावा. आम्ही त्यासाठीच तर असतो.