आधी पोती उतरू दे

शनिवारी सकाळी भट्टीवाली मावशी पीठ मळायला बसली की तिची सून जरा लांबच राहायची. एरवी गावाचा सगळा पाव सूनच मळायची, कारण मावशीचं डावं अंग गेलं होतं आणि एका हाताने पोतंभर पीठ मळणं काही होण्यासारखं नव्हतं. पण शनिवारचा हा छोटा गोळा ती कुणाला शिवू देत नसे. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला जो पाव मोडतात तो याच गोळ्याचा. लग्न होऊन या घरात आल्यापासून तो तिनेच केला होता आणि मरेपर्यंत तीच करणार होती. डावा हात मांडीवर ठेवून द्यायचा, उजव्याने मळायचं आणि मळता मळता प्रार्थना करायची, ही तिची रीत.

"प्रभू, आजाऱ्यांना बरं कर," ती म्हणायची. "दुबळ्यांना उभं कर. पाऊस वेळेवर दे. आणि त्या गिरणीवाल्याचं तळपट कर. आमेन."

सून भट्टीत लाकडं सारता सारता म्हणाली, "आई, शाप मळताय तुम्ही त्या पावात. खाणाऱ्याचं पोट बिघडायचं."

"खाणाऱ्यांत तोही असतोच," मावशी म्हणाली आणि गोळा परातीत आपटला.

तीन वर्षांमागची गोष्ट. असेच उन्हाळ्याचे दिवस होते. गहू कापून झालेला, शेतं उघडी पडलेली, आणि वाऱ्याने उडणारी माती दारं लावली तरी घरात येत होती. मावशीचा नवरा भट्टीसमोर उभा होता, तो छाती धरून खाली बसला. गावात टेम्पो एकच, समोरच्या गिरणीवाल्याचा. तो काही परका नव्हता. नवरा आणि तो बरोबर वाढलेले. तो मावशीला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊजी म्हणायची, आणि त्याच्या गिरणीचं पीठ तिच्या भट्टीत यायचं. ती पिठाच्या हातांनीच धावत गेली. टेम्पो गव्हाने भरून दारात उभा होता. गिरणीवाल्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, टेम्पोकडे बघितलं आणि म्हणाला, "आधी पोती उतरू दे. लगेच निघू."

पोती उतरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. एकेक पोतं गड्याच्या पाठीवरून खाली पडत होतं. मग टेम्पो निघाला, खरंच लगेच निघाला, आणि कोरड्या नदीच्या पुलावर तिच्या मांडीवर नवऱ्याने मान टाकली. मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, जरा आधी आणलं असतं तर. पुढचं त्याने मनातच ठेवलं, पण मावशीला तेवढं पुरलं.

गिरणीवाला मातीला आला, त्याने खांदाही दिला, आणि पोत्यांबद्दल एका शब्दाने बोलला नाही. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

वर्षभराने मावशीचं डावं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, ते पुढे सरळ झालं. पाय ओढत का होईना चालायला लागला. हात मात्र गेला तो गेलाच. गावातल्या बाया म्हणाल्या, नवरा गेला, हात गेला, आता तरी कशाला त्या चर्चच्या पायऱ्या झिजवतेस. मावशी म्हणायची, देवाशी माझं भांडण नाही. माझं भांडण गिरणीवाल्याशी आहे, आणि देवाने त्यात पडावं एवढंच मी त्याला रोज सांगते.

पण एक अडचण होती. त्या चर्चची जुनी चाल अशी की पाव घ्यायला पुढे जाण्याआधी ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्यापाशी जायचं आणि त्याचा हात हातात घ्यायचा. हात नाही तर पाव नाही. सासवा-सुना, भाऊ-भाऊ, सगळे रविवारी एकमेकांचे हात धरत आणि सोमवारी पुन्हा भांडत, पण चाल कुणी मोडत नसे. मावशीला असलं ढोंग जमत नव्हतं. ती आपल्या बाकावर बसून राहायची आणि स्वतः केलेला पाव दुसऱ्यांच्या तोंडात जाताना बघायची. गिरणीवाला सरळ पुढे जायचा. त्याचं कुणाशी वाकडंच नव्हतं ना. पाव तोंडात टाकून तो हात झटकत परत यायला लागला की मावशीच्या उरल्यासुरल्या अंगाचा जळफळाट व्हायचा. तिला तो पाव हवा होता. नवरा गेल्यावर, हात गेल्यावर तर फारच हवा होता. पण त्यासाठी त्या माणसाचा हात धरायचा, हे मरण आलं तरी तिला मान्य नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात प्रभूने ऐकलं. गिरणीवाला माळ्यावरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. बायको कधीच वारलेली, मुलगा शहरात. तो फोनवरून काळजी करायचा. गडी दिवसभर दळायचा, टेम्पो चालवायचा आणि अंधार पडायच्या आत आपल्या घरी जायचा. मालकापुढे ताट ठेवणं काही त्याचं काम नव्हतं; कधी ठेवायचा, कधी विसरायचा. ही बातमी सुनेने सांगितली तेव्हा मावशी भट्टीतून पाव काढत होती. "फक्त मांडीच का?" एवढंच तिने विचारलं.

त्याच रविवारी पाळकांनी उपदेशात सांगितलं की वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घालावं, तसं केल्याने त्याच्या डोक्यावर निखारे ठेवल्यासारखं होतं. बाकीची मंडळी उकाड्याने पेंगत होती. मावशी ताठ बसली. निखारे म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. भट्टीत भाजल्याचे डाग तिच्या हातांवर कोपरापर्यंत होते. उपासना संपल्यावर तिने पाळकांना दारातच गाठलं.

"खरंच भाजतं का हो?"

पाळक म्हातारे होते आणि वाटतं तितके साधे नव्हते. गिरणीवाला उपाशी पडलाय हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी जरा विचार केला. "भाजतं, मावशी," ते म्हणाले. "चांगलंच भाजतं. पण रोज घालावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून मावशीने टोपली भरायला घेतली. ऊन ऊन पाव, उकडलेली अंडी, दुधाची किटली. सून म्हणाली, मी देऊन येते. मावशी म्हणाली, निखारे दुसऱ्याच्या हाताने ठेवायचे नसतात. टोपली उजव्या कोपरात अडकवून, पाय ओढत ती रस्ता ओलांडून गिरणीत गेली. गिरणीच्या मागच्या खोलीत, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, खाटेवर तो पडला होता. भिंतींवर पीठ, चादरीवर पीठ, भुवयांवरही पीठ. तिला बघून तो ओशाळला. वहिनी, तुम्ही कशाला, तुमचंच अंग असं, असं काहीबाही बोलत त्याने टोपली ओढून घेतली आणि अधाशासारखा खायला लागला. मावशी त्याच्या टकलाकडे टक लावून बघत होती.

"डोक्याला काही होतंय?" तिने विचारलं.

"डोक्याला? नाही हो. मांडीच ठणकते."

ती हिरमुसून परत आली. पण पाळकांनी रोज म्हटलं होतं, म्हणून ती रोज गेली. गरम वारा सुटलेला असायचा, रस्त्यावरची माती डोळ्यांत जायची, पाय कधी कधी मध्येच असहकार पुकारायचा, तरी गेली. मध्ये एक दिवस त्याला ताप आला. मावशीने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला आणि ती इतकी खूश झाली की येताना कधी नव्हे ते गाणं गुणगुणत आली. पण ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. उलट त्याचे गाल भरून आले. वर गावभर मावशीचं कौतुक सुरू झालं. केवढं मोठं मन, बाया म्हणायच्या, आणि मावशीला वाटायचं एकेकीला भट्टीत घालावं.

शेवटी तिने पाळकांकडे गाऱ्हाणं नेलं. म्हणाली, तुमचे निखारे विझलेले आहेत, तो माझ्या अंड्यांवर लठ्ठ होतोय. पाळकांनी विचारलं, त्याच्याशी काही बोलता की नुसती टोपली ठेवून येता? ती म्हणाली, त्याच्याशी मी काय बोलू? पाळक म्हणाले, ते मला काय माहीत, मावशी. ते तुमच्या पोटात आहे.

त्या दिवशी तिला जायला उशीर झाला. भट्टीचं दार अडकलं होतं, सून आणि ती दोघी त्याच्याशी झुंजत होत्या. दुपार चढली तेव्हा ती गिरणीत पोचली. दारात गव्हाचा टेम्पो येऊन उभा होता आणि गडी पोती उतरवत होता. तोच टेम्पो. मावशी बाजूने आत गेली, खाटेसमोरच्या एका पोत्यावर बसली आणि टोपली तिने मांडीवर घेतली.

"द्या ना वहिनी," गिरणीवाला म्हणाला. "सकाळपासून पोटात काही नाही."

त्याने हात पुढे केला. मावशीने टोपलीवर आपला हात ठेवला. बाहेर एक पोतं धपकन पडलं. ती काही ठरवून आली नव्हती. तिच्या तोंडून ते आपोआप निघालं, त्याच्याच सुरात, त्याच्याच सावकाशीने.

"आधी पोती उतरू दे."

गिरणीवाल्याचा हात हवेत राहिला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. आणखी एक पोतं पडलं. त्याला कळलं हे तिला दिसलं, कारण त्याचा चेहरा पिठाहून पांढरा झाला. त्याने हात मागे घेतला. गडी कण्हत यायचा, पोतं टाकायचा, परत जायचा. प्रत्येक पोत्याला गिरणीवाला डोळे मिटायचा. पाव गार झाला. मावशी शेवटच्या पोत्यापर्यंत बसून राहिली आणि मग तिने टोपली त्याच्या पुढ्यात ठेवली.

"जेवा आता."

तो जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पोती मागाहून उतरली असती, वहिनी. तेव्हाही कळत होतं मला."

मावशी उठली आणि घरी आली. तिला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की आनंद होईल. झालाही, खोटं कशाला बोलायचं. ती दारातल्या ओट्यावर बसून तो आनंद चघळत राहिली. मग कधीतरी त्याची चव गेली आणि तिला नवऱ्याच्या आठवणीने रडू आलं. सुनेने पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी मावशी टोपली घेऊन पुन्हा गेली. त्याने ती घेतली. पण त्या दिवसापासून तो तिच्यासमोर मान वर करून जेवला नाही.

हाड जुळलं तसा एका रविवारी गिरणीवाला कुबड्यांवर चर्चमध्ये आला आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला. पाळकांनी पाव मोडला. माणसं उठली, ज्यांना धरायचे होते त्यांनी हात धरले, ओळ पुढे सरकली आणि परत आली. गिरणीवाला उठला नाही. पाळकांनी त्याच्याकडे बघितलं, सगळ्यांनी वळून बघितलं. तो खाली मान घालून बसला होता, आणि मान अशी खाली गेली होती की त्या डोक्यावर खरंच काही जड ठेवलेलं असावं.

मावशीला वाटलं, झालं, मिळालं आपल्याला. आता हा पावाशिवाय मेला तरी चालेल. तिने हे अगदी स्पष्ट मनात म्हटलं, देवाला ऐकू जाईल असं. मग तिचं लक्ष ताटातल्या उरलेल्या तुकड्यांकडे गेलं. एक त्याचा होता. एक तिचा होता, तीन वर्षांचा.

ती उठली. पाय ओढत, बाकांना धरत, मागे दारापर्यंत गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तो कुबड्या शोधायला लागला.

"बसा," ती म्हणाली.

आणि तिने त्याला थांबवलं. नुसतं उभं राहून थांबवलं. चर्च थांबलं, पाळक हातात ताट घेऊन थांबले, कुणीतरी खोकलं आणि गप्प झालं. एक टेम्पो रिकामा व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिने जाऊ दिला. तो तिला चांगला पाठ होता. त्याच्या नाकावरून घाम ठिबकत होता. मग तिने उजव्या हाताने आपला मेलेला डावा हात उचलला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला.

"हा धरा," ती म्हणाली. "उजवा मला पावाला लागतो."

त्याने तो दोन्ही हातांनी धरला. हात खाली जायला लागला, तसा त्याने सावरून वर घेतला.

"जड आहे ना?"

त्याने मान हलवली.

"मी रोज उचलते," मावशी म्हणाली. "आता जरा तुम्ही धरा."

पाळक ताट घेऊन मागे आले. मावशीने आपला तुकडा उचलला. पाळकांनी दुसरा गिरणीवाल्यापुढे धरला, तशी ती म्हणाली, "थांबा. आधी माझं होऊ दे." दात थोडेच उरले होते, ती सावकाश चावत राहिली, आणि तो तिचा हात तोलत वाट बघत राहिला. तिचं झाल्यावर तिने पाळकांना खुणावलं. त्याचे दोन्ही हात अडकलेले, ते सोडवायची तिला काही घाई नव्हती, म्हणून पाळकांना तो तुकडा त्याला भरवावा लागला. तो रडत होता आणि खात होता.

मावशी जीभ टाळ्याला लावून चव बघत होती. पाव खारट झाला होता, चांगलाच खारट, आणि इतक्या दिवसांत तिला कुणी ते सांगितलंही नव्हतं. शनिवारी मीठ कमी घालायला हवं, तिने मनाशी म्हटलं.