पितळी पट्टीवरचा पाहुणा

या, असे काउंटरला खेटून उभे राहा. गाडी चुकली तर सहा मिनिटांनी दुसरी आहे. ही गोष्ट मात्र मी रोज सांगत नाही. गोष्ट आहे एका बाईची, जिनं हयातभर याच फरशा पुसल्या. आणि तिच्याकडे आलेल्या एका पाहुण्याची.

“तोमेबाई, तुमच्याकडे पाहुणे आलेत हो!” कुराकिची झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकवून ओरडला.

तोमे बादली घेऊन आली आणि थबकली. सकाळच्या गर्दीच्या ऐन मधोमध, पांढऱ्या फडक्यात बांधलेली एक चौकोनी पेटी जमिनीवर बसली होती. तसल्या गाठोड्यात काय असतं ते आमच्या ओसाकात शेंबड्या पोरालाही कळतं. कुणाच्या तरी अस्थी. माणसं तिला वळसा घालून दोन्ही अंगांनी वाहत होती.

“माझ्याकडे कसले? अर्धे तुमच्याकडे बसलेत,” तोमे म्हणाली.

खोटं नव्हतं. पेटी नेमकी पितळी पट्टीवर होती.

ही पट्टी म्हणजे आमच्या स्टेशनचं जुनं दुखणं. आधी इथं डोंगराकडची गाडी आली. मग तिच्या नाकावर टिच्चून किनाऱ्याकडच्या कंपनीनं साठ पावलांवर आपलं वेगळं स्टेशन बांधलं. दोन सवतीच म्हणा ना. गाडी बदलायची तर माणसांनी टोफूवाल्याच्या अंगणातल्या चिखलातून पळायचं. टोफूवाला शहाणा, त्यानं चिखलात फळ्या टाकल्या आणि पळणाऱ्यांना उदोनच्या जाड शेवयांची गरम वाटी विकायला लागला. तो माझा आजा, आणि हे काउंटर त्याचंच. युद्धानंतर दोन्ही कंपन्यांनी नाइलाजानं हा जोडरस्ता केला, पण हद्द कळावी म्हणून मधोमध पट्टी ठोकलीच. किनाऱ्याकडच्या फरशा तोमेच्या, डोंगराकडच्या कुराकिचीच्या. सतरा वर्षं दोघं पट्टीपर्यंतच झाडत आले. सिगरेटचं एखादं थोटूक दिवसातून चारदा सरहद्द ओलांडायचं. कुराकिची ते झाडूच्या वाऱ्यानं तिकडे घालवी. तोमे “माफ करा हं” म्हणून कमरेत वाके आणि वाकता वाकता चवड्यानं परत लोटी.

आता थोटूक वेगळं आणि माणूस वेगळा. पण कायदा असा की हरवलेल्या वस्तूला ज्याचा हात लागेल, त्याच्या कंपनीच्या गळ्यात ती पडणार. संध्याकाळी पाचच्या हातगाडीतून ती मोठ्या कोठारात जाणार. तिथं छत्र्यांच्या रांगेशेजारी अस्थींचीही एक फळी आहे. त्या फळीवरून घरी परत गेलेलं माणूस क्वचितच.

तोमे पट्टीशेजारी गुडघे टेकून बसली. “छत्र्यांच्या शेजारी मी माणूस ठेवू देणार नाही,” म्हणाली.

ही बाई चिवट खरी. दर महिन्याला देवळात गाऊन प्रवचन सांगणारे बुवा येत, तेव्हा ती आणि मी पहिल्या रांगेत असायचो. बुवा सूर चढवून सांगत, की अमिदा बुद्ध एकालाही मागे सोडत नाही, आणि तोमे पदराआड करावं तसं एप्रनमध्ये तोंड घालून रडायची. घरी येताना मला विचारायची, “एकालाही म्हणजे एकालाही, ना हो?” जणू मीच तिथला तिकीट तपासनीस.

दोन्हीकडचे साहेब आले. टेप आणली. पेटी बावीस सेंटिमीटर. अकरा इकडे, अकरा तिकडे.

“गाठ कुणाकडे वळलीय?” डोंगरवाल्या साहेबांनी विचारलं.

“मधोमध आहे.”

“मग डोकं ज्या बाजूला, त्या कंपनीचा,” कुराकिचीनं तोड काढली. किनाऱ्याचे साहेब गंभीरपणे मान डोलवायला लागले.

“डोकं वर असतं, साहेब,” तोमे खालून म्हणाली. “घरची माणसं पायांपासून हाडं भरत येतात. डोकं शेवटी. आत गेला तरी माणूस उभाच असतो.”

दोन्ही साहेबांनी टोप्या काढल्या. मग त्यांनी तेच केलं जे साहेब करतात: पेटीभोवती दोरी बांधली आणि वरच्या साहेबांना फोन करायला गेले.

पितरांचा आठवडा चालू होता. निम्मी गर्दी स्मशानभूमीच्या वाटेवरची, हातात फुलं घेतलेली. एका आजीनं दोरीपाशी थांबून हात जोडले आणि एक संत्रं ठेवलं. संत्रं एकटं बरं दिसेना म्हणून कुणी आणखी दोन ठेवली. मी उदोनची वाफाळती वाटी नेऊन ठेवली. पितरांना वाफ पुरते. दुपारपर्यंत तिथं फुलं, भाताचे गोळे, साके दारूचा पेला आणि एक नवा पायमोजा जमला. पायमोजा का, ते मला आजही माहीत नाही. एक शाळकरी मुलगी परीक्षेसाठी नवस बोलून गेली.

“अगं पोरी, हे देव नाहीत, प्रवासी आहेत!” तोमे मागून ओरडली.

तिची जेवणाची सुट्टी झाली, पण ती हलेना. बुवांचं प्रवचन तिला तोंडपाठ होतं. ते ती हळू आवाजात गायला लागली.

“बाई, मेलेला माणूस उठून पळेल हो,” कुराकिची म्हणाला. “सूर जरा खाली घ्या.”

“मग तुम्ही गा.”

“मला कुठं येतं?”

“‘नामु अमिदा बुत्सु’ एवढा जप तरी येतो ना? मी दम घेईन तिथं तेवढं म्हणा.”

म्हातारा कुरकुरत दोरीपलीकडे बसला. आणि दर ओळीला, एक मात्रा उशिरा का होईना, म्हणत राहिला.

चार वाजले. साडेचार झाले. पाचची हातगाडी जोडरस्त्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तोमेचा आवाज बसला होता. तिनं दोरीचा पीळ मुठीत घट्ट धरलेला मला इथून दिसत होता.

पाचच्या ठोक्याला काळ्या किमोनोतली एक उंच, धिप्पाड बाई गर्दी कापत आली. फुलं, संत्री, दोरी, दोन म्हातारी माणसं असा थाट पाहून ती थांबली, आणि तिथंच मटकन बसली.

“अगंबाई! हे इथं होय!”

दोन्ही साहेब दोन वह्या घेऊन धावले. “वस्तूचं वर्णन सांगा.”

“बुटके,” बाई म्हणाली. “डोक्यावर केस कमी. बोलणं त्याहून कमी.”

किनाऱ्याच्या साहेबांनी तसंच लिहून घेतलं. डोंगरवाल्यांनी शेजारच्या वहीतून उतरवून घेतलं.

“नाव?”

“नागुरा मोईची. माझे यजमान.”

“बाई, पण... विसरलात कशा?” कुराकिचीच्या तोंडून निसटलंच.

बाईनं नाक पुसलं. “विसरले नाही हो. तिकीट काढायला खाली ठेवलं आणि पुढे निघाले. बेचाळीस वर्षं तेच करत आलेय. मी ठेवायचं, पुढे चालायचं. ते मागून उचलून आणायचे. मागे वळून बघायची सवयच नाही. डब्यात बसले, शेजारी जागा धरली, खिडकीशी. चार स्टेशनं गेली तेव्हा लक्षात आलं, की आता आणणार कोण?”

नंतर ती पार शेवटच्या स्टेशनपर्यंत गेली म्हणे. पाय उचलेनात, म्हणून दुपारभर तिथल्या बाकावर बसून राहिली.

हातगाडीवाल्यानं गाडी मागे घेतली.

तोमेनं दोरी सोडली. फडक्याची गाठ सारखी केली आणि पेटी छातीशी उचलून घेतली. ती मोईचींपेक्षाही बुटकी असेल.

“तुम्ही व्हा पुढे, बाई,” ती म्हणाली. “आम्ही येतो मागून.”

बाई उठली, किमोनो झटकला आणि तरातरा फलाटाकडे निघाली. एकदाही मागे वळली नाही.

पुढे तोमेच्या रोजच्या नामस्मरणात तिच्या आईबापांच्या नावांमागून “नागुरा मोईची” हे नाव येई. अकरा वर्षं, ती जाईपर्यंत, एक सकाळ चुकली नाही. तिला मूलबाळ नव्हतं. तुमच्या घरी संध्याकाळी देवापुढे दिवा लागत असेल, तर आपल्या माणसांची नावं घेऊन झाल्यावर सगळ्यांत शेवटी एकदा तिचंही घ्या. ओसादा तोमे.