कडीच्या डब्यातले देव

किकवीच्या एसटी स्टॉपवर फुलाबाई पितळी कडीचा डबा मांडीवर घेऊन ठाण मांडून बसली होती आणि तिची नात वैष्णवी तिच्यासमोर येरझारा घालत होती. डब्यात देव होते. घरचे सगळे. खंडोबाचा टाक, भवानीचा टाक, अन्नपूर्णा, रांगणारा बाळकृष्ण, आणि झिजून सपाट झालेला कुणा पूर्वजाचा एक टाक, ज्याचं नाव आता फुलाबाईलाही सांगता येत नव्हतं. पाचही जण डोक्यावरून पाण्यात होते. चाळीस दिवस झाले, ते पाण्यातच होते.

वैष्णवीनं पोलीस भरतीची लेखी परीक्षा दिली, त्याच संध्याकाळी म्हातारीनं देवांना देवघरातून उचलून घंगाळात बुडवलं. "नात पोलीस झाल्याबिगर भाईर काढायची न्हाई," असं त्यांना तोंडावर सांगून. देव पाण्यात ठेवले की त्यांनाही जरा निकड लागते, असं तिचं मत. स्वतःही तेव्हापासून एकवेळच जेवत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, अंगावर मूठभर मांस, पण नेम म्हणजे नेम.

चाळीस दिवसांत देव काही मनावर घेईनात, तेव्हा तिनं वरच्या हापिसात जायचं ठरवलं. "तलाठ्याकडं काम हुईना तर तहसीलदाराकडं जायाचं!" भोरच्या पलीकडं, भाटघर धरणाच्या पोटात एक जुनं महादेवाचं देऊळ आहे. पांडवांनी बांधलं म्हणतात. पांडवांना दुसरं काही काम होतं की नाही कुणास ठाऊक. वर्षाचे दहा महिने ते पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात धरण आटलं की वर येतं. जो देव स्वतःच दहा महिने पाण्यात असतो त्याला पाण्यातल्या देवांची कळकळ समजणार नाही तर कुणाला, हा फुलाबाईचा बिनतोड मुद्दा. देवांना न्यायचं तर पाण्यासकट न्यायचं, कारण निकालाआधी पाणी सुटलं तर नेम मोडला. म्हणून हा डबा. वैष्णवीचा बाप संपत म्हणाला, गाडी करून देतो. म्हातारी कडाडली. तिला एसटी फुकट, नातीला अर्धं तिकीट, भाकरी घरची, एवढ्या स्वस्तात ट्रीप होत असताना गाडी कशाला?

सगळं ठीक होतं. फक्त निकाल आठ दिवसांपूर्वीच लागला होता, आणि हे वैष्णवीशिवाय घरात कुणालाच माहीत नव्हतं.

यादी मोबाईलवर आली तेव्हा ती गोठ्यात होती. तिनं यादी तीनदा वर-खाली केली. मैत्रीण शेफालीचं नाव होतं. तिचं स्वतःचं नव्हतं. दोन मार्कांनी हुकलं होतं, प्रतीक्षा यादीतसुद्धा नव्हतं. त्या दिवशी सांगितलं असतं तर सांगून झालं असतं. पण आई रत्नानं विचारलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "यादी पुढं गेली." झालं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रोज पहाटे म्हातारी देव उघडे पडू न देता घंगाळातलं पाणी बदलायची, देवांची मनधरणी करायची आणि दिवसभर पोट आवळून बसायची. वैष्णवीला जेवण जाईना, एका जागी बसवेना. रात्री डोळा लागला की मैदानावर पळतेय आणि रेघ पुढं पुढं सरकतेय, असलंच काहीतरी दिसायचं.

एसटी आली. कंडक्टरनं म्हातारीचं आधार कार्ड बघितलं आणि डब्याकडं बोट केलं.

"काय आजी, दूध का?"

"देव हायती."

कंडक्टरचा हात चटकन मागं गेला. फुलाबाईला तेवढंच पाहिजे होतं. मग तिनं अर्ध्या गाडीला ऐकू जाईल अशा बेतानं सगळी हकिगत सांगितली. "ही माझी नात. पोलीस हुनार हाय. पळण्यात पैली आली. निस्ती यादी लागायची ऱ्हायलीया."

"व्हय व्हय, मॅडम, आमच्याकडं ध्यान असू द्या," कंडक्टर हसून म्हणाला. पुढच्या सीटवरच्या बायका वळून कौतुकानं बघायला लागल्या. वैष्णवीनं मान खिडकीकडं फिरवली. गाडी थांबावी, नाहीतर आपण तरी उडी टाकावी, असं तिला होऊन गेलं. हेच पुन्हा भोरला गाडी बदलल्यावर झालं. तिथं तर एका गृहस्थानं उठून म्हातारीला खिडकीची जागा दिली, पोलिसाची आजी म्हणून.

धरणाच्या काठाकाठानं रस्ता वळणं घ्यायला लागला तशी म्हातारीला गाडी लागली. तिनं पदर तोंडाला लावला आणि डबा नातीकडं दिला. "धर. पर सांडू नको, बाई."

पाच मिनिटांत वैष्णवीच्या मांडीला गार लागलं. तिनं डबा जरा उचलून बघितला. बुडाच्या भोकावर कधीकाळी कथलाचा डाग दिलेला होता, तो गचक्यांनी सुटला होता आणि थेंब थेंब पाणी गळत होतं. तिनं म्हातारीला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगून काय करायचं? ज्या निकालासाठी हे पाणी राखायचं तो तर लागून शिळा झाला. गळू दे. आणि खरं सांगायचं तर तिला त्या पाण्याचा रागच आला होता. तिनं डब्याखाली ओढणीचा बोळा धरला आणि बाहेर बघत राहिली. पाणी बोळ्यात, बोळ्यातून सलवारीत झिरपत राहिलं.

गाडीतून उतरून देवळाकडं अर्धा तास चालायचं होतं. धरणाचा तळ उघडा पडला होता. चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या, मधे मधे हिरवं गवत, त्यावर शेळ्या. म्हातारीला मोकळ्या हवेत बरं वाटलं आणि ती तरातरा पुढं निघाली. तेवढ्यात वैष्णवीचा मोबाईल वाजला. आई.

"अगं, शेफालीच्या घरी पेढे वाटायलेत म्हणं. यादी लागली का काय? बग की जरा."

"हितं रेंज न्हाई नीट," असं म्हणून वैष्णवीनं फोन कापला. रेंज चांगली चार काड्या होती. संध्याकाळपर्यंत किकवीत सगळ्यांना कळणार होतं. आता आठ दिवस कसे लपवले हेही कळणार होतं.

देऊळ काळ्या दगडाचं, ठेंगणं, भक्कम. शिखरापर्यंत पाण्याच्या रेघा उमटलेल्या. आत गाळ कुणीतरी फावड्यानं बाजूला ओढून वाट केली होती, कोपऱ्यात शिंपले साचले होते आणि ओल्या मातीचा गारवा होता. दारातल्या सावलीत डोक्याला फेटा गुंडाळलेला एक धनगर बसला होता. शेळ्या त्याच्याच. गेनू म्हणून त्यानं आपलं नाव सांगितलं आणि म्हातारीला आत जायला वाट करून दिली.

फुलाबाई पिंडीसमोर बसली. हात जोडले. नातीकडून डबा घेतला आणि घेताक्षणी थबकली, कारण डबा हलका होता. तिनं झाकण काढलं. पाचही देव बुडाला एकमेकांच्या अंगावर पडले होते, कोरडे.

तिनं डबा उलटा करून बुडाचं भोक बघितलं, त्यावरून बोट फिरवलं.

"काय झालं?" गेनूनं विचारलं.

"पाणी सुटलं. निकालाआदी देवाचं पाणी सुटलं."

"मग त्यात काय, आजी? हितं धरणभर पाणी हाय. भरा परत."

"न्हाई रं बाबा. मधी सुटलं की मोडलं." तिनं डबा खाली ठेवला. "रत्ना म्हनत हुती, ह्यो डबा गळका हाय, दुसरा घ्या. म्या ऐकलं न्हाई. पितळी पायजे, पितळी पायजे करत बसले. आता यादीत हिचं नाव आलं न्हाई, तर म्या घालवलं. माझ्या हातानं घालवलं पोरीचं."

वैष्णवी खांबाला टेकून उभी होती. तिच्या एकदम ध्यानात आलं, वाट आपोआप मोकळी झाली आहे. घरी जाऊन सांगायचं, यादी आजच लागली, नाव नाही. आठ दिवसांचं खोटं त्यात गडप होईल. कुणी एक शब्द विचारणार नाही, कारण म्हातारी सगळं आपल्याच अंगावर घेईल. आणि मरेपर्यंत घेईल. दर भरतीला, दर सणाला, त्या डब्याकडं बघून घेईल. वैष्णवीला आपलीच किळस आली.

"आजे," ती म्हणाली. "यादी आठ दिसांमागंच लागली. माझं नाव न्हाई, दोन मार्कानं हुकलं. तवा देव बुडलेलेच हुते. चांगले डोक्यावरनं."

फुलाबाईनं मान वर केली.

"आन डबा गळतोय ते मला गाडीतच कळलं हुतं. म्या बोलले न्हाई."

गेनू उठला आणि शेळ्या बघायच्या निमित्तानं बाहेर गेला. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, नातीजवळ आली आणि तिच्या पाठीत तिनं असा धपाटा घातला की देवळात आवाज घुमला. "आठ दिस! आठ दिस म्या उपाशी मरतीया, आन तू तोंडात मिठाची गुळनी धरून बसलीस?" दुसरा धपाटा घालायला हात उचलला आणि तो वरच राहिला. पोरीचा चेहरा तिनं पहिल्यांदाच नीट बघितला असावा. डोळे आत गेले होते, गालफडं वर आली होती. उचललेला हात खाली आला तो नातीच्या डोक्यावर.

"आठ दिस एकलीनं कसं काढलंस गं?"

वैष्णवी लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. म्हातारी तिला थोपटत राहिली आणि मधे मधे शिव्या देत राहिली, पोरीला, परीक्षा घेणाऱ्यांना, पितळी डब्याला.

रडणं ओसरलं तेव्हा फुलाबाईनं देव डब्यातून काढले, पदरानं एकेक पुसला आणि देवळाच्या पायरीवर उन्हात ओळीनं मांडले.

"परत पाण्यात न्हाई ठेवायचे?" वैष्णवीनं डोळे पुसत विचारलं.

"कशाला? बगितलं की ठेवून." म्हातारीनं बाळकृष्णाची बैठक जरा नीट केली. मग आत पिंडीकडं बघितलं. "ह्यो बी कोरडा झालाच की आता." तिनं फडकं सोडलं, भाकरी मोडली, अर्धी नातीपुढं केली. कोपऱ्यावर बसलेल्या गेनूलाही हाक मारली. चाळीस दिवसांनी ती दुपारची जेवत होती. पहिला घास तिनं इतक्या घाईनं गिळला की ठसका लागला.

चारच्या गाडीनं दोघी भोरला आणि तिथून पुढं निघाल्या. देव आता ओढणीत गुंडाळून डब्यात ठेवले होते. भोरहून सुटलेल्या गाडीत नेमका सकाळचाच कंडक्टर. म्हातारीला बघून त्याचा चेहरा फुलला.

"काय आजी, झाल्या का मॅडम पोलीस?"

फुलाबाईनं पदर सावरला आणि सकाळच्याच आवाजात, अर्ध्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "न्हाई झाली. दोन मार्कानं हुकलं. परत बसणार हाय ती."

कुणी हसलं नाही. मागच्या सीटवरची एक बाई म्हणाली, "आमच्या पोराचं पाचानं हुकलं, दोनदा." कंडक्टरनं मान हलवली आणि वैष्णवीला अर्धं तिकीट फाडून दिलं. म्हातारीनं डबा तिच्या मांडीवर ठेवला, "आता गळत न्हाई, धर," म्हणाली आणि खिडकीकडं तोंड केलं. कापूरहोळ यायच्या आत वैष्णवीला झोप लागली. किकवी आली तेव्हा म्हातारीला तिला दोनदा हलवून उठवावं लागलं.