सुनेच्या गाडीचे ब्रेक

सुनेने, कोरीनने, गावातून जुनी पांढरी पिकअप आणून अंगणात लावली, तेव्हाच ऑर्लो हॅस्केटने काय ते ओळखायला हवं होतं. रँचवर तीन गाड्या होत्या, चौथी कशाला हवी? त्याने बायकोला तसं विचारलंही. बर्निस म्हणाली, "तिला हवी असेल. तुला काय करायचंय?" आणि विषय तिथेच राहिला.

मग सप्टेंबर संपत आला असताना एका गुरुवारी सकाळी सून शेडमध्ये आली. ऑर्लो मेंढ्या कातरायच्या यंत्राला तेल देत बसला होता. दाराशीच थांबून ती म्हणाली, "ऑर्लो, एक काम होतं. माझ्या गाडीला ट्रेलरच्या ब्रेकचं वायरिंग करून द्याल का? गावातल्या गॅरेजवाल्याला पंधरा दिवस वेळ नाही म्हणे."

"घोड्यांचा ट्रेलर ओढायला आपला मोठा ट्रक आहे की. त्यात सगळं बसवलेलं आहे."

"तो ट्रक रँचचा आहे."

"अगं, मग?"

"मी चाललेय, ऑर्लो. आयडाहोला. तिथल्या घोड्यांच्या दवाखान्यात काम मिळालंय, सोमवारी हजर व्हायचंय. शनिवारी निघेन म्हणते. दोन्ही घोड्या नेतेय."

ऑर्लोने तेलाची बुधली खाली ठेवली. "रँडलला माहीत आहे?"

"बोलणं झालंय. म्हणजे मी बोलले, त्याने ऐकलं."

रँडल हा ऑर्लोचा एकुलता एक मुलगा. नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरींवर कामाला. निम्मा महिना तिकडे, निम्मा महिना घरी. दोन वर्षांपूर्वी विहिरीवर त्याचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत साखळीत सापडून गेला, आणि तेव्हापासून रँडलची जणू वाचाच बसली. घरी आला की अंगणापलीकडच्या आपल्या घरात खुर्ची टाकून बसायचा. टीव्ही चालू, आवाज बंद. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. कोरीन एकदा बर्निसला म्हणाली होती, "भांडला असता तरी चाललं असतं. निदान घरात कोणी आहे असं वाटलं असतं."

"ब्रेकशिवाय तू त्या घाटात उतरायचं नाहीस," ऑर्लो म्हणाला. "गाडी घे आत."

वाट डोंगरावरून होती. चढ सरळ होता, पण पलीकडे टेन स्लीपच्या घाटात रस्ता असा काही खाली धावत सुटतो, की दोन घोड्या घातलेला ट्रेलर मागे असेल तर तो गाडीला ढकलत नेतो. ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे ब्रेक हवेत, आणि ते गाडीत बसलेल्या माणसाच्या पायाखाली हवेत. कोरीनच्या ट्रेलरला विजेवरचे ब्रेक होतेच. पण या पिकअपच्या मागे फक्त दिव्यांचा चार तारांचा प्लग होता. ब्रेकपर्यंत वीज पोहोचवणार कोण?

दुपारच्या आत ऑर्लो गावात जाऊन सामान घेऊन आला. तारांची भेंडोळी, सात खाचांचं सॉकेट आणि डॅशबोर्डखाली बसवायचा छोटा कंट्रोलर. आणि मग गुरुवार दुपार आणि शुक्रवारचा बराचसा दिवस सासरा-सून त्या गाडीखाली पाठ टेकून पडून होते. तिला सगळं समजून घ्यायचं होतं. नुसतं करून दिलेलं तिला कधीच चालायचं नाही.

"ही काळी बॅटरीवरून आली," ऑर्लो सांगत होता. "पांढरी अर्थिंगची. लाल जाते ब्रेकच्या पेडलकडे. तू पाय दाबलास की ती कंट्रोलरला कळवते. मग कंट्रोलर किती जोर लावायचा ते ठरवतो आणि या निळीतून वीज मागे सोडतो. चाकात लोहचुंबक आहेत, ते ओढले जातात, चाक धरलं जातं."

"म्हणजे सगळं काम निळीचं."

"निळी तुटली तर मागे ट्रेलर आहे हे गाडीला कळतसुद्धा नाही."

कोरीन तार धरायची, तो क्लिपा मारायचा. धुराड्याच्या नळीपासून तार लांब ठेवायची हे त्याने सांगायच्या आत तिने ओळखलं. अर्थिंगच्या जागेवरचा गंज तिनेच घासून काढला, पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत. तिच्या केसांत मातीची ढेकळं पडत होती आणि ती हसत होती. ऑर्लोच्या मनात आलं, ही लग्न होऊन आली त्या वर्षी बर्फात अडकलेल्या मेंढ्या काढायला माझ्याबरोबर अशीच उतरली होती. आपल्याला मुलगी असती तर याहून काय वेगळी असती?

"तुम्ही गप्प का झालात?" तिने विचारलं.

"डोळ्यात माती गेली."

"दोन्ही?"

"दोन्ही."

बर्निसने मात्र गुरुवारपासून सुनेशी बोलणं टाकलं होतं. राग म्हणावा तर तसाही नव्हता. तोंड उघडलं तर रडू फुटेल, एवढंच. शुक्रवारी दुपारी जेवायला ऑर्लो एकटाच घरात आला, तेव्हा तिने ताट वाढता वाढता सरळ विषय काढला.

"किती राहिलंय काम?"

"झालंच. ट्रेलर लावून बघायचा."

"रँडल रविवारी येतो."

"मला माहीत आहे."

"दोन दिवस लांबव ना, ऑर्लो. काहीतरी सांग तिला. एखादी वस्तू मिळत नाही म्हण. तो समोर आला, तिला एकदा थांब म्हणाला, की ती थांबेल. तिला तेवढंच हवंय."

"आणि तो थांब म्हणालाच नाही तर?"

"माझं पोर आहे ते. म्हणेल."

ऑर्लो जेवला, उठला, शेडमध्ये गेला. कोरीन घोड्यांना पाणी दाखवायला गेली होती. तो डॅशबोर्डखाली आडवा झाला. बराच वेळ नुसता तारांकडे बघत राहिला. मग त्याने पक्कड घेतली आणि निळी तार कट् करून तोडली. दोन्ही टोकं वेगवेगळी काळ्या चिकटपट्टीत गुंडाळली आणि जुडग्याच्या आत सरकवून दिली. चाळीस वर्षं तारा जोडल्या त्याने, तोडली ती ही पहिलीच.

ट्रेलर लावला, प्लग जोडला. मागे ट्रेलर जोडल्याचा कंट्रोलरवरचा दिवा लागेना.

"हा कंट्रोलरचा नगच खराब निघाला," ऑर्लो म्हणाला. बोलताना त्याने सॉकेटकडे बघितलं, तिच्याकडे नाही. "दुसरा मागवावा लागेल. मंगळवारपर्यंत येईल."

त्याला वाटलं होतं ती चिडेल, हिरमुसेल. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग तशीच जाते."

"तशीच म्हणजे?"

"खालच्या गिअरमध्ये हळूहळू उतरेन. लोक पूर्वी जायचेच की."

"अगं, वेड लागलंय का तुला? ती दोन जनावरं मागून—"

"मंगळवारपर्यंत थांबले तर मी जाणारच नाही, ऑर्लो," ती हळू आवाजात म्हणाली. "मला माझी खात्री नाही. म्हणून जायचं तर उद्याच."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कुठल्या तोंडाने सांगणार, की सूनबाई, तुझी तार मी तोडली? "सकाळी पुन्हा एकदा बघतो," एवढंच तो पुटपुटला. त्या रात्री त्याला धड झोप लागली नाही. पहाटेच जाऊन कोणी उठायच्या आत तार जोडायची आणि नग आपोआप चालू झाला म्हणायचं, असं त्याने ठरवलं.

पण सकाळी उजाडता उजाडता तो अंगणात आला, तर शेडपुढे रँडलची चिखलाने माखलेली गाडी उभी. बर्निसला धीर धरवला नव्हता. तिने आदल्या दुपारीच मुलाला फोन केला होता आणि तो कामाची पाळी सोडून रात्रभर गाडी हाकत आला होता.

शेडमध्ये पांढऱ्या पिकअपचं दार उघडं होतं आणि त्यातून रँडलचे पाय बाहेर आलेले दिसत होते. मागच्या फळीवर कोरीन कॉफीचा मग घेऊन बसली होती. डोळे सुजलेले.

"नग खराब आहे म्हणाले ते," ती त्या पायांना सांगत होती.

"हं."

"तू मुद्दाम यायची गरज नव्हती."

"हं."

ऑर्लो दारातच थांबला. आत टॉर्चचा उजेड फिरत होता. फिरता फिरता तो एका जागी थांबला. चिकटपट्टी सोलल्याचा बारीक आवाज आला. मग काहीच नाही.

रँडल हळूच बाहेर सरकला. दाढी वाढलेली, अंगाला तेलाचा वास. त्याने बापाकडे पाहिलं. ऑर्लोला ती नजर कळली. कापलेलं टोक आणि तुटलेलं टोक यांतला फरक त्या पोराला त्यानेच शिकवला होता. आता हा बोलणार. बोलायलाच हवं.

"निळी तार घासली जाऊन तुटली होती," रँडल कोरीनला म्हणाला. "पत्र्याच्या कडेला लागत होती. नग चांगला आहे." आणि बापाकडे हात पुढे केला. "डॅड, तार जोडायची नळी द्या. आणि पक्कड."

ऑर्लोने खिशातली पक्कड काढून दिली.

रँडलने तार जोडली. मग वडलांच्या खणातून होकायंत्र काढलं आणि ट्रेलरच्या चाकाशी उकिडवा बसला. "कोरीन, कंट्रोलरची दांडी सरकव."

तिने सरकवली. होकायंत्राचा काटा गर्रकन चाकाकडे वळला.

"सोड."

काटा पुन्हा उत्तरेला गेला. चारही चाकांना त्याने असंच करून पाहिलं. मग दोघं रिकामा ट्रेलर घेऊन शेडपुढच्याच सपाट रस्त्यावर गेली; काचा खाली होत्या, आणि शेडच्या दारातून ऑर्लोला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. "अजून थोडा जोर वाढव. चाक घसरलं, जरा कमी कर. हां, एवढाच ठेव. घोड्या चढवल्यावर एक खूण वाढव." गेल्या दोन वर्षांत पोरगा बायकोशी सलग एवढं बोलला नसेल.

बर्निस खिडकीत उभी होती. आता म्हणेल, आता म्हणेल, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

पण रँडल थांब म्हणाला नाही. त्याने घोड्या आणल्या, एकेक करून ट्रेलरमध्ये चढवल्या. म्हातारी तांबडी घोडी त्याच्या खांद्यावर तोंड घासत राहिली आणि तो तिच्या मानेवर कपाळ टेकून उभा राहिला. कोरीन पाठमोरी होऊन दोरखंडं आवरत होती.

शेवटी बर्निस बाहेर आली. हातात कापडात बांधलेल्या, घरी भाजलेल्या गरम बिस्किटांचं गाठोडं आणि रानातल्या चोकचेरीच्या फळांच्या मुरंब्याची बरणी. सुनेच्या हातात ते कोंबत म्हणाली, "पोहोचलीस की फोन कर. मला कर. या बाप-लेकांना कळवायचं की नाही ते मी बघेन." आणि मग तिने तिला अशी घट्ट धरली, की मुरंब्याची बरणी दोघींच्या मध्ये अडकून बसली.

"तू घाट उतरेपर्यंत आम्ही मागे येतो," रँडल म्हणाला. कोरीनने मान हलवली.

बाप-लेक ऑर्लोच्या गाडीत बसले. डोंगरावर ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती आणि खिंडीत रस्त्याकडेला पहिला बर्फ भुरभुरलेला होता. वर पोहोचल्यावर घाट सुरू झाला. पुढे कोरीनचा ट्रेलर वळणावळणाने उतरत होता. ब्रेकचे लाल दिवे लागायचे, विझायचे. ट्रेलर हेलकावत नव्हता, ढकलत नव्हता, शहाण्या जनावरासारखा मागोमाग चालला होता. ऑर्लोचा उजवा पाय मात्र प्रत्येक वळणावर आपोआप दाबला जात होता.

पायथ्याशी मोकळ्या जागेत ती थांबली. रँडल उतरून ट्रेलरच्या चाकाचाकाशी हात नेऊन आला. "चारही सारखी तापलीत," तो म्हणाला. "छान काम करतायत."

ती म्हणाली, "थँक्यू, रँडल."

"कोरीन," तो म्हणाला, आणि थांबला. ऑर्लोने नजर दुसरीकडे वळवली. "तू बरोबर करतेयस. मी बोलायला हवं होतं. तुझ्याशी मी बोलायला हवं होतं."

तिने त्याच्या गालावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग ऑर्लोच्या खिडकीशी आली, वाकून त्याच्या टोपीवर टिचकी मारली आणि म्हणाली, "डोळ्यात माती गेली वाटतं." तो हसला की रडला, हे त्यालाही कळलं नाही. पांढरी पिकअप रस्त्याला लागली आणि लाल कड्यांच्या वळणाआड गेली.

परतीचा चढ लागला. ऑर्लोने घसा खाकरला. "ती तार..."

"असू दे, डॅड."

"आई म्हणाली म्हणून नाही हं. मलाच वाटत होतं."

"मलाही वाटत होतं," रँडल म्हणाला. "चिकटपट्टी सोलली ना, तेव्हा क्षणभर वाटलं, पुन्हा गुंडाळून ठेवावी. म्हणावं, खराब आहे." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "पण ती तशीच गेली असती. आणि मी आणखी एक माणूस जाताना बघितला असता."

थोड्या वेळाने रँडलने आपण होऊनच त्या जोडीदाराचं नाव घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्या सकाळी कसा वारा होता, तो काय विनोद सांगत होता आणि विनोद पुरा व्हायच्या आत साखळी कशी सुटली. आवाज मध्येच फाटत होता, पण तो थांबत नव्हता. ऑर्लोने गिअर खाली घेतला. त्याला घर इतक्यात यायला नको होतं. मागे गाड्यांची रांग लागली, कोणीतरी भोंगा वाजवला. त्याने गाडी कडेला घेऊन सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, आणि पुन्हा तेवढ्याच हळू चालीने वर निघाला.